मशेरी 'लावणे' : महाड-पोलादपूर भागातील तंबाखू, गर्भवती स्त्री आणि तान्हे मूल

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या बोलीत तंबाखूसाठी तीन क्रियापदे योजिली जातात. विडी 'ओढतात', क्वचित 'पितात', तंबाखू 'खातात', आणि मशेरी 'लावतात'. पहिली दोन क्रियापदे मुख्यतः पुरुषांच्या वाट्याची, तिसरे मुख्यतः बायकांच्या. हा भेद केवळ व्याकरणाचा असता तर त्याची दखल कोशकारांनी घेतली असती तरी पुरे होते. परंतु मराठीत 'लावणे' हे क्रियापद ज्या वस्तूंना जडते त्या वस्तू पाहिल्या म्हणजे प्रकरण निराळे असल्याचे ध्यानी येते. कुंकू लावतात, काजळ लावतात, तेल लावतात, दुखऱ्या जागी औषध लावतात. जे लावले जाते ते अंगावर राहते, पोटात जात नाही. आणि ते बहुधा शोभेचे, शुद्धीचे किंवा उपचाराचे असते. यास्तव दवाखान्यात नाव नोंदविण्यास आलेल्या गरोदर स्त्रीला "बाई, तंबाखू खाता का?" असे विचारले असता ती "नाही" म्हणते, आणि "विडी-सिगारेट?" या प्रश्नाला तर पदराआड हसून मान हलविते. दोन्ही उत्तरे तिच्या भाषेत खरी आहेत. तरीही त्याच दिवशी सकाळी चुलीपुढे बसून तिने हिरड्यांवर बोटाने तंबाखू चोळलेली असते. या प्रामाणिक नकाराचा इतिहास शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

गर्भवती स्त्रीने धूम्रपान करू नये हा विचार या देशाला नवा नाही, ही गोष्ट प्रथम नोंदविली पाहिजे. आज 'धूम्रपान' हा शब्द तंबाखूच्या धुराशी इतका एकरूप झाला आहे की, तंबाखू या भूमीत येण्यापूर्वी तो वैद्यकाचा शब्द होता याचे विस्मरण झाले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचे प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे तीन प्रकार सांगितले असून सुगंधी व औषधी द्रव्यांची वर्ती करून तिचा धूर नेत्रातून, म्हणजे नळीतून, घेण्याची रीत तेथे वर्णिली आहे. हा धूर कोणी घेऊ नये याची यादीही त्याच ठिकाणी येते, आणि त्या यादीत गर्भिणीचा स्पष्ट निर्देश आहे. अष्टांगहृदयात वाग्भटाने वयाचीही मर्यादा घातली आहे : अठरा वर्षांच्या आतील व्यक्तीस धूम देऊ नये. २००३ च्या केंद्रीय तंबाखू-नियंत्रण कायद्याने तंबाखू विकण्यास मनाई करताना नेमकी अठरा वर्षांचीच रेषा आखली, हा योगायोग असला तरी मौजेचा आहे. वाग्भटाचा विषय औषध होता, कायद्याचा विषय विष आहे; परंतु गर्भाशय व बाल्य ही दोन स्थाने धुरापासून राखावीत, ही जाण जुनीच होती. मग ती जाण तंबाखूच्या बाबतीत घराघरांत का उतरली नाही?

याचे एक कारण असे की, तंबाखू आली ती परकी वस्तू म्हणून, आणि जुन्या निषेधांच्या कक्षेत तिला कोणी बसविलेच नाही. शब्द पोर्तुगीजांकडून आला, वस्तूही त्यांच्याचकडून. गोवा १५१० साली त्यांच्या हाती गेला. चौल येथे १५२१ च्या सुमारास त्यांचा कोट उभा राहिला. आणि अमेरिका खंडातील हे पान सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरले. बटाटा, काजू, साबण, पगार, चावी या शब्दांच्या पंक्तीतच तंबाखू मराठीत बसली आहे. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू व रत्नजडित चिलीम ठेवली, असा वृत्तांत त्याने स्वतःच लिहून ठेविला आहे. म्हणजे आदिलशाही दरबारी त्या वेळी तंबाखू रुळलेली होती. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती फारशी पाळली गेली नाही. महाड-पोलादपूरचा मुलूख या काळी विजापूरच्याच सत्तेखाली, जावळीच्या मोऱ्यांकडे होता. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ साली. खाली सावित्रीच्या खाडीतून बाणकोटकडे उघडणारा समुद्र आणि वर वरंधा, पार व आंबेनळी या वाटांनी जोडलेला देश, अशा दोन तोंडांच्या मध्ये हा प्रदेश वसलेला असल्याने नवी वस्तू त्याला चुकणे शक्य नव्हते. मात्र येथील अतिवृष्टीच्या, डोंगरउताराच्या जमिनीत तंबाखूचे पीक रुजले नाही. ती सदैव घाटावरून विकत आणावयाची वस्तू राहिली. निपाणी, सांगली, मिरज या बाजूचे पान घाट उतरून बाजारात येई, आणि भात व नाचणी पिकविणारा कुणबी मीठ व कापडाबरोबर रोख पैशाने जी थोडी जिन्नस घेई तीत तंबाखू असे.

वैद्यकानेही पुढे तिला आपलेसे केले. योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात तमाखू हे औषधी द्रव्य म्हणून आले आहे. परकी वस्तूला संस्कृत रूप व गुणधर्म मिळाले म्हणजे ती किती लवकर घरची होते याचे हे चांगले उदाहरण आहे. धुराचा निषेध सांगणारा ग्रंथ एकीकडे राहिला आणि पानाचे गुण सांगणारा दुसरीकडे.

विडीचा शब्द याहून जुना व देशी आहे. संस्कृत 'वीटिका' म्हणजे विड्याची गुंडाळी. तिच्यापासून विडा आणि विडी ही दोन्ही रूपे आली. विडा मंगल, पाहुण्यापुढे ठेवावयाचा. विडी त्याची धाकटी, कोपऱ्यात ओढावयाची. टेंभुर्णीच्या किंवा आपट्याच्या पानात सुमारे पाव ग्रॅम तंबाखू गुंडाळलेली ही नळी सिगारेटहून लहान असल्यामुळे निरुपद्रवी वाटते, पण ते खरे नाही. तिचे पान सच्छिद्र नसल्याने ती वरचेवर विझते, ओढणारा अधिक वेळा व अधिक जोराने ओढतो, आणि थोड्या तंबाखूतून पुष्कळ निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाड-पोलादपूरचा तरुण मुंबईच्या गिरण्यांकडे व गोदीकडे वळला; दासगाव बंदरातून बोटीने आणि पुढे मोटाररस्त्याने जाणारा हा चाकरमानी गणपती-शिमग्याला घरी येई तेव्हा खिशात विडीचे बंडल असे. ओटीवर, पडवीत, पावसाळ्यात माजघरातही विडी ओढली जाई, आणि रांगते मूल त्याच माणसाच्या मांडीवर असे. बापाने मुलाला खेळविताना विडी विझवावी असा संकेत पूर्वी कोठे रूढ असल्याचे दिसत नाही. वडीलधाऱ्यांसमोर विडी ओढू नये हा संकेत मात्र कडक होता. मान राखावयाचा तो वरच्या पिढीचा. खालच्या पिढीच्या फुप्फुसाचा विचार त्या शिष्टाचारात नव्हता.

स्त्रीने विडी ओढणे हे या भागात अप्रतिष्ठेचे मानले गेले. कष्टकरी व आदिवासी समाजांतील काही वृद्ध स्त्रिया तिला अपवाद होत्या. हे सर्वत्र असेच होते असे नाही. गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली 'धुमटी' स्त्रियाही ओढीत, आणि त्यांतील काही पेटते टोक तोंडात धरून ओढीत. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गोव्यातील ५,४४९ ग्रामस्थांची तोंडे या संदर्भात तपासली गेली होती. त्या बोलीत स्त्रीच्या तंबाखूलाही धुराचेच नाव मिळाले. सावित्रीच्या खोऱ्यात मात्र धूर पुरुषांकडे राहिला, आणि स्त्रीच्या वाट्याला तंबाखू आली ती दंतमंजनाच्या रूपाने.

मशेरी कशी करतात हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण तिच्या कृतीतच प्रस्तुत विषयाची गाठ आहे. तंबाखूची सुकी पाने वा चुरा लोखंडी तव्यावर घालून चुलीवर मंद आचेने काळीभोर होईपर्यंत भाजतात. मग ती हाताने चुरून वा वाटून तिची पूड डबीत भरतात. ही पूड तर्जनीवर घेऊन दात व हिरड्यांवर चोळावयाची, काही वेळ तोंडात राहू द्यावयाची, आणि चूळ भरावयाची. आरंभी सकाळी एकदा. पुढे दुपारच्या कामानंतर, निजण्यापूर्वी, आणि सवय जडली म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा. भाजताना जो तिखट धूर उठतो त्याने घरभर ठसका लागतो. ओढणारा कोणी नसताही तो तंबाखूचाच धूर असतो. चुलीपुढे बसलेली सून गरोदर असली तर तो तिच्या श्वासात जातो, पाळण्यातल्या मुलाच्याही जातो. त्या मुलाने विडी पाहिलेली नसेल. तव्यावरची तंबाखू त्याने हुंगलेली असते. मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत मशेरीच्या अर्काची तपासणी झाली, तेव्हा भाजण्याने तंबाखू सौम्य होत नाही, उलट जळण्यातून उत्पन्न होणारी कर्करोगकारक द्रव्ये तीत वाढतात, असे आढळून आले. 'भाजून काढली म्हणजे तिचा कडकपणा गेला' ही घरगुती समजूत भाजलेल्या शेंगदाण्यांना व रव्याला लागू असेल, तंबाखूला नाही.

नावाविषयी दोन शब्द. कोकणात 'मशेरी', देशावर 'मिसरी', छापील व्यवहारात 'मिश्री' असे उच्चारभेद आढळतात. उत्तरेकडे दात काळे करण्याच्या पुडीला 'मिस्सी' म्हणतात. तिचे या शब्दांशी असलेले ध्वनिसाम्य लक्ष वेधून घेते, आणि दोन्ही वस्तू दातांना लावावयाच्या असल्यामुळे ते साम्य केवळ आकस्मिक मानण्याचे धाडस करवत नाही. जुन्या महाराष्ट्रात 'दातवण' नावाची दात काळे करण्याची पूड सुवासिनी वापरीत असत, आणि काळे दात हे सौभाग्याचे व प्रौढत्वाचे लक्षण होते. दातवणाची चाल मागे पडली, तरी दातांना काहीतरी काळे लावणे ही संसारी स्त्रीची रीत मानली जाण्यास तिने जागा करून ठेविली होती असे दिसते. हिंदीत 'मिश्री' म्हणजे खडीसाखर. उत्तरेतून आलेल्या वैद्यास कागदावर 'मिश्री' हा शब्द वाचून गोडाचा भास झाला तर त्यात नवल नाही. नावाने वस्तू झाकली जाण्याचा हा दुसरा पदर.

सवय बहुधा कुटुंबातच लागते. दाढ दुखली की आजी चिमूटभर मशेरी लावावयास देते. दुखणे सुन्न होते. दुखणे जाते पण डबी राहते. पुढे बहिर्दिशेस साफ होते म्हणून, भूक मरते म्हणून, शेतावर आवणीच्या दिवसांत शीण जाणवत नाही म्हणून ती चालू राहते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तिला आणखी एक निमित्त मिळते : तोंडाला पाणी सुटणे व मळमळ. मशेरी लावल्याने उमळ थांबते असे बायका सांगतात, आणि डोहाळे पुरविण्याची तर आपल्याकडे रीतच आहे. भाजलेल्या मातीचे, राखेचे डोहाळे समाजाने कौतुकाने सांभाळले. करपलेल्या वासाच्या या पुडीकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहावे असे कारण नव्हते. ज्या स्त्रीस दोन जिवांची म्हणून पपई व तीळ वर्ज्य केले जाई तिच्याच हाती मशेरीची डबी मोकळेपणाने राहिली, कारण पथ्यापथ्याचा विचार खाण्याच्या वस्तूंना लागू होता, लावण्याच्या नव्हे.

बाळंतिणीच्या खोलीतील धुराचाही येथे उल्लेख करावा लागेल. बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची साल, धूप टाकून 'धुरी' देण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती व अनेक घरांत आजही आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवीत. त्यात लाकडाच्या चुलीचा धूर, बिनखिडकीचे स्वयंपाकघर, आणि पावसाळ्यात चार महिने ओले सरपण. नवजात मुलाचा धुराशी पहिला परिचय असा मंगल व उबदार वातावरणात होई. 'धूर वाईट' हे वाक्य अशा घरात पटविणे सोपे नसते. धुरीचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण कोवळ्या फुप्फुसाला हेतू कळत नाही. चुलीच्या धुराचा संबंध मुलांच्या न्यूमोनियाशी व जन्मवेळच्या कमी वजनाशी आहे हे आता निर्विवाद झाले आहे, आणि बापाच्या विडीचा धूर त्यात मिसळतो तेव्हा तो वेगळा ओळखूही येत नाही.

नावामुळे मादक द्रव्य घरगुती होण्याचे आणखी एक उदाहरण याच लोकांच्या इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया, ज्यांत कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ होत्या, पाळीवर जाताना तान्ह्या मुलास झोप लागावी म्हणून 'बाळगोळी' देत. तीत अफू असे. शब्दात 'बाळ' होते आणि 'गोळी' होती, अफू नव्हती. १९२० च्या दशकात कामगार स्त्रियांच्या स्थितीच्या चौकशीत हा प्रकार उजेडात आला आणि पाळणाघरांच्या मागणीला त्याने बळ दिले. बाळगोळी पुढे मागे पडली, कारण तिच्यातील अफूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली गेली आणि विक्रीवरही निर्बंध आले. मशेरीचे तसे झाले नाही.

पश्चिमेकडे हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत आला तो १९५७ साली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो परगण्याच्या रुग्णालयांतील सुमारे साडेसात हजार मातांची माहिती सिम्पसन यांनी प्रसिद्ध केली, आणि सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत अपुऱ्या वाढीच्या मुलांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असल्याचे दाखविले. ब्रिटनमध्ये १९५८ च्या जन्मांच्या राष्ट्रीय पाहणीवरून १९७२ साली बटलर व त्यांचे सहकारी याच निष्कर्षाप्रत आले. १९७४ मध्ये लंडनच्या हॅरो भागातील मुलांविषयीचा कॉली यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : आईबाप दोघेही धूम्रपान करीत असतील तर पहिल्या वर्षात मुलास न्यूमोनिया व ब्राँकायटिस होण्याचे प्रमाण वाढते. कारणे आता ठाऊक आहेत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो. निकोटीन वारेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते व वार ओलांडून गर्भात जाते. यांपैकी पहिले कारण मशेरीस लागू नाही, दुसरे पूर्णतः लागू आहे. हिरडीवर चोळलेली तंबाखू तोंडाच्या त्वचेतून थेट रक्तात जाते. तिला पोटात जाण्याची गरज नसते. 'लावले ते बाहेरच राहते' हा भाषेचा सिद्धान्त शरीर मान्य करीत नाही.

परंतु हे पाश्चात्त्य निष्कर्ष येथे आले ते 'धूम्रपान' या शब्दाच्या पोटात. आरोग्यशिक्षणाच्या भित्तिपत्रकांवर सिगारेट हाती धरलेली स्त्री आली, जी महाडच्या बाजारपेठेत कोणी पाहिली नव्हती. पोलादपूरच्या वाडीवरील बाईने ते चित्र शहरातल्या कोणासाठी तरी असल्याचे मानले, यात तिची चूक ती काय? मराठी स्त्रीच्या तंबाखूविषयी पुरावा मिळविण्याचे काम मुंबईत झाले. गरोदरपणातील तंबाखू खाण्याविषयी १९७८ साली कृष्णा यांचा एक शोधनिबंध ब्रिटिश प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात आला. १९९० च्या दशकात मुंबईतील ३५ वर्षांवरील ९९,५९८ रहिवाशांची पाहणी झाली, तीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरीत असल्याचे आढळले, आणि त्यांतील जवळजवळ सर्वांची तंबाखू धूरविरहित होती. ज्या नगरीत स्त्रिया धूम्रपान करीत नाहीत असे समजले जाई तेथे अर्ध्याहून अधिक प्रौढ स्त्रिया तंबाखूच्या अधीन होत्या.

यापुढचा टप्पा निर्णायक ठरला. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेऊन २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या, आणि तीत सर्वाधिक प्रमाण मशेरीचे होते. त्यांच्या मुलांचे जन्मवेळचे वजन, इतर कारणे हिशेबात घेतल्यानंतरही, सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि गर्भारपणाचा काळ सरासरी ६.२ दिवसांनी आखूड झाला. १०५ ग्रॅम हे वजन कानास लहान वाटते. परंतु अडीच किलोच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला ते रेषेखाली नेते, आणि डोंगरातील वाडीवरून, पावसाळ्यात, रुग्णालयापर्यंत पोचावयाच्या मुलासाठी ती रेषा फार खरी असते. २००६ साली त्याच समूहाविषयी दुसरा निबंध आला. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांत मृत बालक जन्मण्याचे प्रमाण ८.९ टक्के, न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के. या आकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. ज्या घरात असे मूल जन्मले असेल तेथे दैव, दृष्ट, भूतबाधा, सुनेचा पायगुण यांपैकी कशाला ना कशाला दोष लागला असेल. चुलीशेजारच्या डबीकडे कोणाचे बोट गेले नसेल.

महाड तालुक्याला शास्त्रीय निरीक्षणाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व पुढे महाड येथे लाल विंचवाच्या दंशावर केलेले काम जगभर मान्य झाले आणि त्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत खाली आले. विंचू चावला की वेदना तत्काळ उठते, नाव घेता येते, वेळ सांगता येते. मशेरीला ना नांगी ना वेदना. तिचा परिणाम सहा-सात महिन्यांनी तराजूच्या काट्यावर दिसतो, आणि तोही दुसऱ्याच जिवाच्या वजनात. अशा कारणाकडे निरीक्षकाची नजर वळण्यास प्रश्नच नेमका विचारावा लागतो.

प्रश्नाचे शब्द किती महत्त्वाचे असतात हे राष्ट्रीय पाहण्यांवरून दिसते. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरातील माणसांविषयी, ती धूम्रपान करतात काय व पानमसाला किंवा तंबाखू चघळतात काय, असे विचारले गेले. 'ओढणे' आणि 'चघळणे' ही दोनच दारे ठेवली, तर 'लावणे' बाहेर राहते. २००९-१० च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीच्या भारतीय प्रश्नावलीत मात्र मिश्री, गुल, गुडाखू ही नावे घेऊन स्वतंत्र रकाना केला गेला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या एका रकान्याचे मोल मोठे वाटेल. २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरीत असल्याचे दिसले. धूम्रपान करणाऱ्या मात्र १.४ टक्के. केवळ दुसरा आकडा हाती असता तर या राज्यात गर्भवतीच्या तंबाखूचा प्रश्नच नाही, असा निर्वाळा देऊन मोकळे होता आले असते.

कायद्यानेही शब्दांची हीच वाट चोखाळली. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट यांचे उत्पादन व विक्री केंद्र सरकारने ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने बंद केली. दंतमंजन हे तंबाखूचे वेषांतर असू शकते, हे शासनाने त्या दिवशी कबूल केले. पण ती बंदी परवान्याने बनविलेल्या मालास होती. बाजारातून पानतंबाखू आणून स्वतःच्या तव्यावर भाजणारी बाई कोणत्याही परवान्याच्या कक्षेत येत नाही. २००३ च्या कायद्याने व २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई केली, एस. टी. स्थानक, कचेरी, उपाहारगृह येथील हवा त्यामुळे बरीच सुधारली. घर ही सार्वजनिक जागा नव्हे. तान्हे मूल आपला जवळजवळ सगळा काळ ज्या एका जागेत घालविते तेथे कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तीही याच कारणाने मशेरीपर्यंत पोचत नाही.

मग घराच्या आत काय पोचते? महाडचाच एक दाखला येथे आठवतो. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने घालू नयेत, स्वच्छता कशी राखावी, मुलींना शाळेत का घालावे, अशा अगदी घरगुती गोष्टी त्यांनी नावे घेऊन सांगितल्या, आणि तेथे जमलेल्या स्त्रियांनी नेसण्याची रीत लगोलग बदलली. अंगावरच्या, 'लावण्या-नेसण्या'च्या वस्तू खाजगी म्हणून अस्पृष्ट ठेवावयाच्या, हा संकोच त्या भाषणात नव्हता.

मशेरीच्या बाबतीत तसा नावाने बोलण्याचा प्रयत्न अलीकडे झालेला आहे. २०१० साली भारतीय समाजवैद्यकाच्या नियतकालिकात प्रतिनिधी व त्यांच्या सहकाऱ्यांचा गरोदरपणातील मशेरीविषयीचा निबंध आला. त्याच्या इंग्रजी शीर्षकातच 'मिश्री' हा शब्द जसाच्या तसा आहे. त्या अभ्यासात मशेरी लावणाऱ्या गर्भवतींना ती सोडण्याविषयी समजावून सांगण्यात आले, आणि समजावल्यावर सोडणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या स्त्रियाही आढळल्या. वाडीवर जाणारी आशा कार्यकर्ती ही बहुधा त्याच गावची सून असते. मशेरी म्हणजे काय हे तिला कोणी सांगावे लागत नाही, कित्येकदा तिच्या सासूची डबीही तिने पाहिलेली असते. "वहिनी, तंबाखू खाता का?" या छापील प्रश्नाऐवजी "वहिनी, मशेरी दिवसातून किती वेळा लावता? आणि घरात ती भाजतं कोण?" असे तिने विचारले, तर उत्तर आकड्यात मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'सासूबाई' असे येते, आणि मग बोलणे सुनेशी न होता चुलीपाशी बसलेल्या त्या म्हातारीशी करावे लागते.